पट लहान, शाळा पूर्ण

शाळा किती मोठी असावी म्हणजे तिला शाळा म्हणावे? आमच्या शिक्षणखात्यांनी हा प्रश्न हजेरीपटावरील बेरजेने सोडवून टाकला आहे. पट विसाच्या खाली गेला की शाळा संशयित ठरते. दहाच्या खाली गेला की तिच्या दारासाठी कुलूप शोधले जाते. या हिशेबाला चोख उत्तर देणारा एक अनुबोधपट आम्ही परवा इतवाऱ्यातील एका स्नेह्यांच्या घरी, दहा-बारा शेजाऱ्यांसमवेत पाहिला. तो फ्रान्समधील आहे आणि 2002 सालचा आहे. परंतु तापीकाठच्या माणसाने तो अवश्य पाहावा, असे आमचे मत झाले.

निकोला फिलिबेर या दिग्दर्शकाने ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतातील सेंत-एतियेन-स्यूर-यूसों नावाचे खेडे निवडले. गावची वस्ती दोनशेच्या थोडी वर. शाळा एकशिक्षकी. एका खोलीत चार वर्षांच्या चिमुरड्यापासून अकरा वर्षांच्या थोराड पोरापर्यंत डझनभर मुले आणि त्यांना शिकविणारे एक गुरुजी, जॉर्ज लोपेझ. स्पेनमधून आलेल्या शेतमजुराचा हा मुलगा. शिक्षकी पेशात पस्तीस वर्षे काढून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला. डिसेंबर 2000 पासून जून 2001 पर्यंत या खोलीत जे घडले, तेवढेच या चित्रपटात आहे.

आणि काय घडते? आरंभी बर्फाच्या वादळात गुरे हाकली जातात. इकडे रिकाम्या वर्गात दोन कासवे जमिनीवरून सावकाश सरकत असतात. पुढे लहानगे अक्षरे गिरवितात, मोठे शुद्धलेखन लिहितात. दोन मोठी मुले भांडतात, तेव्हा गुरुजी आवाज न चढविता त्यांना समोर बसवून भांडणाचे मूळ त्यांच्याच तोंडून काढून घेतात. एका मुलाचा बाप आजारी आहे. त्याचे डोळे भरून येतात आणि गुरुजी त्याच्यापाशी बसून राहतात. एका चिमुरड्याला ते विचारतात, शंभरापुढे मोजता येते का? हजारापुढे? त्याच्याही पुढे? पोर मान डोलावीत पुढे पुढे जाते आणि संख्येला अंत नाही हे त्याला आपोआप उमगते. आमच्या शिक्षणखात्याची मोजणी मात्र विसापाशीच थांबते!

एका प्रसंगी आमच्या बैठकीत हशा पिकला. शेतकऱ्याच्या घरी मुलगा गुणाकार सोडवीत बसला आहे. आई मदतीला येते, तिचे चुकते. मग बाप येतो, आणि पाहता पाहता सारे घरच त्या गुणाकाराभोवती जमते. हे घर कोणत्या देशातले, हे विचारण्याची कोणास गरज भासली नाही. पोराबरोबर सारे घर शाळेत जाते, हे सत्य निमाडात जेवढे खरे तेवढेच ओव्हेर्न्यमध्येही.

हे काही परदेशीयांनीच दाखवावे असे नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे आढळताच ताराबाई व अनुताई वाघ यांनी पोरांना दोष दिला नाही. गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिचे नाव कुरणशाळा. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेने मुलांपर्यंत जावे, हा महाराष्ट्राचा धडा होता. त्याच महाराष्ट्राने 2017 साली दहांहून कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळांत धाडण्याचा निर्णय घेतला, 2022 साली विसांहून कमी पटाच्या शाळांची यादी मागविली आणि 2023 साली समूहशाळांची योजना पुढे केली. कुरणशाळा उफराटी झाली!

कोणी म्हणेल, एकशिक्षकी शाळा म्हणजे दैना. तिचे गोडवे काय गाता? आक्षेप योग्य आहे. देशात 2016-17 साली 1,08,017 एकशिक्षकी शाळा होत्या, ही नोंद सरकारच्याच 2020 सालच्या शैक्षणिक धोरणात आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे 2009 सालचा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तो पाळला जावा हे आमचेही मागणे आहे. पण लोपेझ गुरुजींचा वर्ग पाहताना आम्हांस जाणवले ते हे की, या माणसाला सहा-सात महिन्यांच्या चित्रणात शिकविण्यावाचून दुसरे काम करताना आम्ही पाहिले नाही. आमच्या गुरुजींच्या गळ्यात जनगणना आणि निवडणूक हीही ओझी आहेत, आणि त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाने ती कायदेशीर ठरविली आहेत. गुरुजी वर्गाबाहेर, म्हणून मुले वर्गाबाहेर. आणि मुले नाहीत म्हणून शाळा बंद! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण याहून नेमकी कोठे लागू पडेल?

सीमेवरील माणसाला या हिशेबाचा चटका अधिक बसतो. बुऱ्हाणपूर 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि त्याच दिवशी संविधानात 350 अ हे कलम दाखल झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी प्रत्येक राज्याने करून देण्याचा प्रयत्न करावा, असे ते कलम सांगते. सीमा आणि आश्वासन ही जुळी भावंडे आहेत. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळेचा पट लहानच असणार! पटाचीच कसोटी लावावयाची तर 350 अ कलमाला अर्थ उरत नाही. ही मागणी आम्ही एकट्या मराठीसाठी करीत नाही. जत आणि अक्कलकोटच्या कानडी शाळांतील पोरांनाही आमच्याइतकाच हक्क आहे. तेथे एखादी शाळा पटापायी मिटली तर आमचा आवाज त्यांच्याही बाजूने उठला पाहिजे. न्याय दोन वजनांनी तोलता येत नाही.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. सभेत मायबोलीचा जयजयकार करून दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविणारे आम्हीच आहोत. पट कोणी घटविला, याचे अर्धे उत्तर सरकारच्या दप्तरात आहे आणि अर्धे आमच्या ओसरीवर. आपल्या वस्तीत मराठी शाळा असेल, तर या जूनमध्ये किमान एका घराने एक मूल तिथे घालावे. निवेदनांच्या थप्पीपेक्षा त्या एका पाटीचे वजन अधिक पडेल.

त्या चित्रपटाचे नाव 'एत्र ए आव्वार'. फ्रेंच पोरांना आरंभीच शिकविली जाणारी ही दोन क्रियापदे आहेत: एक 'असणे', दुसरे 'जवळ असणे'. मराठीला दुसऱ्या क्रियापदाची गरजच पडली नाही. आपण 'गाव आहे' म्हणतो आणि 'गावाला शाळा आहे' असेही म्हणतो, शब्द एकच. आपल्या व्याकरणाने ही दोन्ही सत्ये एकाच धातूत बांधून ठेवली आहेत. ज्या गावाला शाळा आहे, ते गाव आहे. खात्याने बेरीज करण्यापूर्वी एवढे व्याकरण शिकून घ्यावे.