देवनागरी वाचनाचे मोजमाप आणि विद्यापीठांची जबाबदारी

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. त्यानंतर २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात मराठीसह २० भाषांतील वाचन तपासण्यात आले. मूल मिनिटाला किती शब्द अचूक वाचते, हे अशा चाचणीतून समजते. ते नेमके कोणत्या अक्षरावर आणि का अडखळते, हे मात्र समजत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन विद्यापीठांच्या मानसशास्त्र व बोधनविज्ञान विभागांतील नेत्रमागोवा प्रयोगशाळांमध्ये आहे.

वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते एका शब्दावर साधारण पाव सेकंद स्थिरावतात आणि पुढच्या शब्दाकडे झेप घेतात. अर्थ लागला नाही तर मागे वळतात. अवरक्त प्रकाश आणि कॅमेरा यांच्या साह्याने प्रगत यंत्रे या हालचालींच्या सेकंदाला १००० नोंदी घेतात.

यंत्र आयात करता येते, निष्कर्ष मात्र आयात करता येत नाहीत. इंग्रजी वाचक नजर स्थिरावलेल्या बिंदूच्या उजवीकडील १४-१५ अक्षरांपर्यंतची माहिती टिपतो, डावीकडील मात्र तीन-चार अक्षरांचीच. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत हा कल उलटा आढळला. म्हणजेच डोळ्यांच्या सवयी लिपी घडवते. देवनागरीत तर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात नंतर. जोडाक्षरे आणि मात्रा वर-खाली पसरतात. हिंदी वाचकांवरील २००२ च्या एका अभ्यासात वेलांटीच्या या क्रमभेदाचा शब्दवाचनावर परिणाम दिसून आला होता.

या दृष्टीने अलाहाबाद विद्यापीठाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तेथील वर्तन व बोधनविज्ञान केंद्र २००२ मध्ये स्थापन झाले. जर्मनीतील पॉट्सडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे हिंदी वाचकांच्या नेत्रहालचालींचा संग्रह तयार झाला आणि त्यावरील संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाक्यरचनेमुळे वाचकावर पडणारा भार त्यात तपासला गेला. मात्र हे वाचक विद्यापीठातील विद्यार्थी होते. नुकतेच वाचू लागलेल्या मुलांविषयीचा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य ठरणार नाही. शिवाय मराठी आणि हिंदीची लिपी एक असली, तरी प्रत्यय शब्दाला जोडून लिहिण्याच्या पद्धतीमुळे मराठी शब्द लांबतो. त्यामुळे मराठीचे मोजमापही स्वतंत्रच व्हावे लागेल.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली शास्त्रीय आहे. वाचनात अडचण असलेल्या मुलाची नजर अधिक काळ थांबते व वारंवार मागे वळते. परंतु हे बहुधा अडचणीचे लक्षण असते, कारण नव्हे. त्यामुळे केवळ यंत्राच्या नोंदीवरून मुलावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारता येणार नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संशोधनासाठी सवलत देतो. मात्र त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये, ही त्यातील अट आहे. संशोधनासाठी घेतलेली नोंद शाळेने विद्यार्थ्याची वर्गवारी करण्यासाठी वापरली, तर या सवलतीचा आधारच उरत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचा प्रश्नही तेथे उभा राहतो. म्हणूनच संशोधन आणि निदान यांतील सीमारेषा प्रयोगशाळेने आरंभीच स्पष्ट केली पाहिजे.

मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धरला आहे. त्या भाषांची पाठ्यपुस्तके तयार करताना अक्षरांचा आकार, जोडाक्षरांचा क्रम आणि वाक्यांची लांबी अनुभवाने किंवा परंपरेने ठरवण्याऐवजी ती पुराव्यावर पारखता येऊ शकते. त्यासाठी विद्यापीठांतील प्रयोगशाळा पाठ्यपुस्तक मंडळांशी जोडल्या जाणे आवश्यक आहे. हा दुवा जुळेपर्यंत मुलाच्या वाचनाचा वेग आपल्याला समजेल, त्याच्या अडखळण्याचे कारण नाही.