शेवटची तीन पाने



पत्ते म्हटले की आपल्या घरांत प्रथम द्यूत आठवते. सप्तव्यसनांत त्याची गणना पहिली असल्याने ते स्वाभाविकच आहे. तथापि काँट्रॅक्ट ब्रिज हा पैज न लावता खेळण्याचा बुद्धीचा खेळ आहे. १९२५ साली अमेरिकेतील हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी त्याच्या आजच्या गुणपद्धतीचा पाया घातला. स्पर्धेत तीच पाने वेगवेगळ्या टेबलांवर खेळवली जातात. त्यामुळे दैवाचा वाटा फार थोडा उरतो. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. मुंबईच्या हेमा देवरा कांस्यपदक विजेत्या मिश्र संघात होत्या.

या खेळातील 'स्क्वीझ', म्हणजे कोंडी, समजून घेण्याजोगी आहे. बोली जिंकणारा ठरावीक हात करण्याचा करार करतो, तो डिक्लेअरर. त्याच्या भिडूची उघडी मांडलेली पाने म्हणजे डमी. समजा, तीनच पाने उरली आहेत आणि तिन्ही हात हवे आहेत. डिक्लेअररपाशी चौकटचे अखेरचे पान, इस्पिकचे एक व किलवरचे एक लहान पान आहे. डमीत इस्पिकचा एक्का व गुलाम आणि बदामची राणी आहे. डावीकडील प्रतिस्पर्ध्याजवळ इस्पिकचे राजा-राणी आणि बदामचा राजा आहे. बदामचा एक्का आधीच गेला आहे. मोजून पाहता खात्रीचे हात दोनच.

आता डिक्लेअरर चौकट उतरतो. डावीकडच्याने बदामचा राजा टाकला, तर डमीतून गुलाम टाकावा; राणी हात करते. त्याने इस्पिकची राणी टाकली, तर डमीतून बदामची राणी टाकावी. एक्क्याखाली राजा पडतो व गुलाम मोठा होतो. दोन घरांची राखण एकाच हाताला झेपत नाही. मात्र जे हात जाणारच आहेत, ते डिक्लेअररने आधीच देऊन टाकलेले असावेत. प्रतिस्पर्ध्याजवळ एक जरी फालतू पान उरले, तरी कोंडी सुटते. हीच पाने उजवीकडच्याकडे असती तर? मग डमीला त्याच्याआधी पान टाकावे लागले असते आणि बेत फसला असता. घरी पाने मांडून हे अवश्य पडताळावे.

व्यापाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ठरलेले देणे आधी चुकते करावे, ही पहिली. एकाच भांडवलावर दोन जोखमी राखू नयेत, ही दुसरी. कारण तगादा आला की एक सोडावीच लागते.

परंतु एक भेदही विसरू नये. टेबलावर चौघे समान नियम मान्य करून बसतात. आपल्या मारेगाव-वणीच्या कापूसपट्ट्यात हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती वेचणीची मजुरी, कर्जाची मुदत आणि घरात साठवलेला कापूस एवढेच असते. त्याची निकड ओळखून दोन दिवस तोलणी लांबवायची आणि भाव पाडायचा, ही स्क्वीझच आहे. पण त्याने हा खेळ स्वीकारलेला नसतो. हरलेला प्रतिस्पर्धी पुढच्या डावात नवी तेरा पाने उचलतो. शेतकऱ्याला पुढचे पीक यायला वर्ष लागते. तेव्हा त्याचे माप त्याच दिवशी करावे आणि ठरला तोच भाव त्याच्या हातावर ठेवावा.