बुलेटचे हेड वाजले की पंपच बदलायचा?

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेट दुरुस्तीला आल्या की गिऱ्हाइकाची एक तक्रार ठरलेली असते: "वरून टकटक येते." त्यावर आपल्या गॅरेजमधली दोन उत्तरेही ठरलेली. जाड ऑईल टाका, नाहीतर मोठ्या क्षमतेचा पंप बसवा. आमच्या मते निम्म्याहून अधिक गाड्यांना यातले काहीच लागत नाही, आणि हे कारागीर बंधूंनीच आधी बोलून दाखवले पाहिजे.

मद्रासला १९५५ साली सुरू झालेली ही ३४६ सीसीची गाडी (बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर) तेलाच्या बाबतीत साधी आहे. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप, एक तेल पाठवणारा आणि एक परत आणणारा. दोन्ही क्रँकच्या टोकाच्या वर्मवर चालतात. वर रॉकरकडे जाणारी नळी बाहेरूनच चढते. ती बोटाएवढीही जाड नाही. वर फार दाब असतो असे समजू नये. रॉकरला धार लागत नाही, सतत ओल लागते. ती ओल का तुटते एवढेच शोधायचे असते.

शोध खालून सुरू करावा. इंजिन चालू ठेवून ऑईलच्या टाकीचे झाकण काढले की परतीचे तेल पडताना दिसते. ते दिसले तर परतीचा पंप जिवंत आहे. मग नळीचा वरचा बॅन्जो बोल्ट अर्धी आटी ढिला करा. तेल पाझरले तर खालचे सर्व ठीक, दोष हेडात. न पाझरले तर पंप फेकण्याआधी नळी फुंकून पाहा, बोल्टाची छिद्रे पाहा. टायमिंग कव्हर लावताना शेलॅक किंवा लाल सिलिकॉन ढिगाने फासायची आपल्याकडे सवय आहे. दाबल्यावर ते आत ओघळते आणि तेलाच्या छिद्रातच जाऊन बसते. गळती थांबली म्हणून गिऱ्हाईक खूश, वर रॉकर कोरडा!

पंप खरोखर दमलेला असेल तरी बहुधा त्याच्या चकतीची बैठक खराब झालेली असते. काचेवर बारीक पेस्टने चकती घासून आणि कव्हरवर बसवून घेतली तर जुना पंप पुन्हा नीट ओढतो. मात्र पेस्टचा कणही राहता कामा नये. बिग एंड फ्लोटिंग बुशाचा आहे, घाण तिथे सरळ पोचते.

आता हेड. रॉकरचे बेअरिंग ब्लॉक वर-खाली दोन तुकड्यांचे आणि जोडीने बोअर केलेले असतात. भंगारातून एक तुकडा इथला, एक तिथला आणून बसवला की रॉकर जाम तरी होतो किंवा सैल तरी राहतो. बोल्ट कसल्यावर रॉकर हाताने मोकळा हलला पाहिजे, आणि ब्लॉकचे छिद्र हेडाच्या छिद्रावर बरोबर आले पाहिजे. ब्लॉकमधली तेलाची खाच बुजली असेल तर ती साफ करून किंचित खोल केली तरी पुष्कळ फरक पडतो. टॅपेट थंड इंजिनावरच लावावेत: पुशरॉड बोटांनी फिरावा, पण वर-खाली खेळ नसावा. आवाज बंद करण्यासाठी टॅपेट घट्ट करणारा मिस्त्री व्हॉल्व्ह जाळतो.

मोठ्या पंपाविषयी आमचा आक्षेप हा की वर गेलेले तेल खालीही आले पाहिजे. ते पुशरॉडच्या बोगद्यांतून उतरते. तिथे काजळीचा चिखल असेल, व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतील, तर जादा तेल गाइडमधून खाली उतरून जळते आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो. मग गिऱ्हाईक पिस्टन-रिंगचे पैसे मोजतो. सर्व मार्ग स्वच्छ, गाइड नवे, आणि गाडी लांबच्या वेगवान सफरीची असेल, तेव्हा मोठा पंप जरूर घालावा. जाड ऑईलचेही तेच. थंडीच्या सकाळी ते वर पोचायलाच उशीर लावते. चांगले २०डब्ल्यू-५० वेळेवर बदलले तर पुरे.

खरी अडचण धंद्याची आहे. पंप विकला की बिलात रक्कम दिसते, नळी फुंकून, चकती घासून दिली तर गिऱ्हाईक विचारतो, "यात नवीन काय घातले?" म्हणून मिस्त्रीही सामान विकतो. यावर उपाय म्हणजे तपासणीची मजुरी बिलात वेगळी लिहिणे, आणि ती गाडी उघडण्यापूर्वी सांगणे. डॉक्टर तपासणीची फी घेतो, औषध दिले नाही तरी घेतो. बिलाच्या मागे दोन ओळी लिहून द्याव्यात: बॅन्जोला तेल आले की नाही, ब्लॉक जोडीचे होते की नाही. पुढच्या वेळी तीच गाडी दुसऱ्या गॅरेजात उघडली तरी तिथला फिटर ते वाचेल.