अनुस्वार वाचला पाहिजे : व्हिडिओ एक्सपोर्ट करताना

शिक्षक मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण आता स्वतःचे पाठ स्वतःच रेकॉर्ड करून काईनमास्टरवर एडिट करतात. कौतुकाची गोष्ट आहे. पण मेहनतीने केलेला पाठ शेवटच्या पायरीवर, म्हणजे एक्सपोर्ट करताना बिघडतो, आणि त्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्र थोडं धूसर झालं तर काय बिघडलं, असं काही जण म्हणतील. गाण्याच्या व्हिडिओत नसेल बिघडत, पण मराठीच्या पाठात बिघडतं. फाईल फार दाबली की सगळ्यात आधी बारीक गोष्टी जातात : अनुस्वार, रफार, उकार. 'नंदी'वरचा ठिपका गेला की 'नदी' होते आणि 'वंश'चा 'वश'! दुसरीतलं मूल जे दिसेल तेच लिहिणार. मग आपण त्याच्या वहीत लाल गोल करायचा, हे बरं नव्हे.

एक्सपोर्टच्या पडद्यावर आपण फक्त ७२० की १०८० एवढंच बघतो. खरी मेख बिटरेटमध्ये आहे. एका सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च करायची, ते हा आकडा ठरवतो. १०८० निवडून बिटरेट अगदी कमी ठेवला तर चौकट मोठी, पण आत चौकोनी डागच डाग. त्यापेक्षा नीट बिटरेटचं ७२० कितीतरी चांगलं. यूट्यूबवर चढवण्यासाठी सेकंदाला ३० फ्रेमच्या १०८० व्हिडिओला साधारण ८ एमबीपीएस आणि ७२० ला ५ एमबीपीएस सुचवलेले आहेत. आणि हो, ७२० वर शूट केलेलं ४के मध्ये एक्सपोर्ट केल्याने स्पष्टता वाढत नाही, फाईल तेवढी फुगते. फ्रेमही शूटिंगला जितक्या होत्या तितक्याच ठेवाव्यात.

"पण सर, पालकांचा डेटा?" प्रश्न रास्त आहे. हिशोब सोपा आहे : ८ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ६० एमबी, दहा मिनिटांचे ६०० एमबी. एवढं कोण डाऊनलोड करणार? म्हणून बिटरेट कापण्याआधी पाठ कापा, असं मी म्हणतो. स्वागत, पार्श्वसंगीत, उडत येणारी फुलं कशाला हवीत? सतत हलणारं चित्र बिटरेट खातं, स्थिर फळ्याला कमी लागतो. फळ्याचा चार मिनिटांचा पाठ ७२० वर २ एमबीपीएसमध्ये ६० एमबीत बसतो आणि अक्षरं वाचता येतात.

रंगांचंही तसंच. नेहमीच्या एच.२६४ फाईलमध्ये उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक बिंदूची असते, पण रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकच. त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरं लिहिली की कडा फिसकटतात. गडद हिरव्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी टिकतात. आपला जुना फळाच शहाणा होता म्हणायचा!

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पुन्हा पुन्हा दाबण्यानं होतं. ग्रुपवर आलेला व्हिडिओ घ्यायचा, त्यात आपलं नाव टाकायचं, एक्सपोर्ट करायचा, परत ग्रुपवर टाकायचा. दर फेरीला थोडं चित्र जातं आणि गेलेलं परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आहे तसा पोचतो, २ जीबीपर्यंत.

मूळ शूटिंग आणि चांगल्या प्रतीचा एक एक्सपोर्ट पेनड्राईव्हवर ठेवावा, लहान प्रत त्यातूनच काढावी. पुढच्या वर्षी सुधारणा करायची तर मुळाकडे जाता येतं. आणि पाठवण्याआधी तो व्हिडिओ वर्गातल्या सगळ्यात स्वस्त मोबाईलवर लावून बघावा, आपल्या लॅपटॉपवर नको. 'नंदी'वरचा ठिपका दिसला तर पाठवा.