पिकअपचे ‘ऑफ-रोड पॅकेज’ : गरज, हौस आणि जबाबदारी

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतील (२०१७) नियम १४४ हा सार्वजनिक खरेदीचा पाया समजला जातो. खरेदी करावयाच्या वस्तूचे विनिर्देश कार्यालयाची मूलभूत गरज भागविणारे असावेत, त्यांत अनावश्यक बाबी घालून अवाजवी खर्च ओढवून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. वाचताना हा नियम अगदी सरळ वाटतो. प्रत्यक्ष मागणीपत्र तयार करायला बसले, की ‘मूलभूत’ आणि ‘अनावश्यक’ यांमधील रेषा कोणी व कशाच्या आधारे ओढायची, हा प्रश्न उभा राहतो. पिकअप गाडीचे कारखान्यातूनच बसवून येणारे ‘ऑफ-रोड पॅकेज’ हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबाला तो पडतो आणि अरुणाचलातील किंवा लाहौल-स्पितीतील जिल्हा प्रशासनालाही पडतो. फरक एवढाच, की कुटुंबाचा निर्णय चुकला तर पैसे त्याचे जातात. प्रशासनाचा चुकला तर पैसे लोकांचे जातात आणि कधी कधी जीव चालकाचा जातो.

प्रथम या पॅकेजमध्ये असते काय, ते पाहू. फोर्ड एफ-१५० या अमेरिकन पिकअपचे ‘एफएक्स-४’ पॅकेज घेतले, तर त्यात मागील आसाचे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक, खडबडीत वाटेसाठी जुळविलेले शॉक अॅब्सॉर्बर, इंधनटाकी व ट्रान्सफर केस यांना खालून झाकणारे संरक्षक पत्रे, उतारावर गाडीचा वेग आपोआप रोखून धरणारी यंत्रणा आणि गाडीच्या अंगावर ‘एफएक्स-४’ अशी अक्षरे, एवढ्या गोष्टी येतात. टोयोटा टॅकोमाचा ‘टीआरडी ऑफ-रोड’ हाही याच जातीचा प्रकार. गंमत अशी, की २०१६ ते २०२३ या पिढीतील टॅकोमाचा हा प्रकार चारही चाकांना शक्ती न देणाऱ्या, म्हणजे फोर बाय टू, रूपातही विकला जात होता. नाव ‘ऑफ-रोड’ आणि पुढची चाके मात्र इंजिनाशी न जोडलेली! तेव्हा नावावर न जाता यादी वाचावी, हा पहिला धडा.

भारतात ‘पॅकेज’ हा प्रकार फारसा रुळलेला नाही. आपल्याकडे ‘व्हेरिएंट’ असतो. इसुझू व्ही-क्रॉस फोर बाय टू व फोर बाय फोर अशी दोन्ही रूपांत मिळाली आहे. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परचेही फोर बाय फोर रूप आहे. २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स मागील डिफरन्शियल लॉकसह आली. म्हणजे प्रश्न तोच, फक्त निवड एकेका भागाची नसून सगळ्या गाडीची असते आणि किमतीतील फरक त्यामुळे बराच मोठा होतो.

या भागांचे मूल्य ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे गाडी कशामुळे अडते, हे विचारणे. वाट नसलेल्या जागी गाडी साधारणतः तीन कारणांनी अडते : चाक घसरते, तळ आपटतो किंवा पाणी आडवे येते. प्रत्येक कारणाला औषध वेगळे आहे.

चाक घसरण्याचे मूळ साध्या डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. पण ती दोन्ही चाकांना समान जोर देते. एक चाक चिखलात असेल तर ते अगदी थोड्या जोरावर फिरू लागते, आणि कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. चिखलातले चाक गरगर फिरत राहते, गाडी जागची हलत नाही. लॉक लावले की दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि पकड असलेले चाक गाडी बाहेर काढते. ट्रान्सफर केसमधील ‘लो’ गिअर इंजिनाचा जोर साधारण अडीच पट करून चाकांपर्यंत पोहोचवतो. भरलेली गाडी ओल्या चढावर क्लच न जाळता चढते ती त्यामुळे. हे दोन भाग माझ्या मते पॅकेजचा खरा गाभा आहेत.

तळ आपटत असेल तर जमिनीपासूनची उंची आणि तळाचे पोलादी पत्रे उपयोगी पडतात. नदीतल्या गोट्यांवरून गाडी नेणाऱ्याला पत्र्याची किंमत एका आपटण्यात वसूल होते. डांबरी घाटात फिरणाऱ्याला तो केवळ वजन वाढवितो.

आणि टायर? चारही चाकांना शक्ती दिली तरी जमिनीला टेकलेले असते ते रबरच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचा कायदा या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील आय-७० महामार्गाच्या डोंगराळ टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात फोर बाय फोर गाडीलाही टायरच्या नक्षीची किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर खोली ठेवावी लागते. फोर बाय फोर आहे म्हणून गुळगुळीत टायर चालतील, असे ते राज्य मानत नाही. डेन्व्हर परिसरात राहून हिवाळ्यात चार-सहा वेळा डोंगरात जाणाऱ्या वाचकाने पॅकेजच्या आधी टायरचा खर्च मांडावा, असे मी सुचवीन. त्याच्या बहुतेक अडचणी तेथेच सुटतील.

येथे भारत व अमेरिका यांतील एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत साधी गाडी घेऊन पुढे बाजारातून लॉक, पत्रे, शॉक अॅब्सॉर्बर बसवून घेण्याचा धंदा मोठा आहे. तेथे प्रश्न कारखान्याचे पॅकेज स्वस्त की बाजारातले, एवढाच उरतो. आणि वॉरंटी, विमा व पुनर्विक्री यांचा विचार करता कारखान्याचे पॅकेज बहुधा सोयीचे पडते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. तेव्हा सरकारी कार्यालयाने ‘आता साधी घेऊ, पुढे अनुदान आले की बसवून घेऊ’ असा विचार करू नये. जे हवे ते पहिल्याच दिवशी ठरविले पाहिजे, कारण गाडी पंधरा वर्षांपर्यंत पदरी राहू शकते. (पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही.)

मग ठरवायचे कसे? पहिला हिशेब दिवसांचा. समजा, दोन रूपांच्या किमतीत चार लाखांचा फरक आहे, गाडी दहा वर्षे चालणार आहे आणि वर्षातून बारा दिवस तिला खरोखर अशा वाटेवर जावे लागते. एकशेवीस दिवसांना चार लाख, म्हणजे दिवसाला सुमारे ३,३३३ रुपये; शिवाय जास्तीचे इंधन व देखभाल उरलेल्या सर्व दिवसांची. त्या बारा दिवसांसाठी स्थानिक फोर बाय फोर गाडी चालकासह भाड्याने घेणे स्वस्त पडत असेल, तर लेखापरीक्षक विचारण्यापूर्वी आपणच स्वतःला प्रश्न विचारावा.

परंतु हा हिशेब सगळीकडे लावणे चूक ठरेल. अग्निशमनाचा बंब रोज लागत नाही, म्हणून तो भाड्याने आणू असे कोणी म्हणत नाही. म्हणून दुसरी कसोटी थांबण्याची. जे काम एक दिवस थांबू शकते, उदाहरणार्थ तपासणी दौरा, आढावा बैठक किंवा बांधकामाची पाहणी, त्यासाठी महागडी गाडी विकत घेण्याचे समर्थन करणे कठीण आहे. जे काम थांबू शकत नाही, म्हणजे प्रसूतीसाठी अडलेली स्त्री, शीतपेटीतील लस, मतदान पथक, दरड कोसळलेल्या गावाला धान्य, त्याला दिवसांची सरासरी लावू नये. नेमक्या त्याच दिवशी भाड्याची गाडी मिळत नाही, कारण त्या दिवशी ती सर्वांनाच हवी असते.

तिसरी कसोटी रस्त्याची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तेव्हापासून असंख्य वस्त्यांचा चिखल डांबराखाली गेला आहे. रोहतांग खिंडीला बगल देणारा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि लाहौलचे दळणवळणच बदलले. तरीही जुने मागणीपत्र समोर ठेवून, तारीख बदलून, तेच विनिर्देश पुढे पाठविण्याची कार्यालयीन सवय काही बदललेली नाही. याउलट जेथे रस्ता अजून पोहोचलेला नाही, तेथील तहसीलला ‘मागच्या वेळीही हीच दिली होती’ म्हणून साधी गाडी मिळते. गरज दर खरेदीच्या वेळी नव्याने मोजली पाहिजे.

यासाठी वेगळा अभ्यासगट नको. प्रत्येक सरकारी गाडीचे लॉगबुक असते. त्यात तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, इंधन व अधिकाऱ्याची सही असते. आणखी एक रकाना वाढवावा : ‘लो गिअर अथवा लॉक वापरले काय? कोठे?’ दोन वर्षांत कोणत्या तालुक्याला कशाची गरज आहे, हे कागदावर येईल. तो रकाना कोराच राहिला, तर गाडी चुकीच्या ठिकाणी आहे हेही कळेल. फोर बाय फोर गाडी मुख्यालयाच्या पोर्चमध्ये आणि साधी गाडी नदीपलीकडच्या मंडल कार्यालयात, हे दृश्य अनेक राज्यांत दिसते. गाडी पदाच्या मानाप्रमाणे वाटली जाते, वाटेच्या मानाने नव्हे. पॅकेज घ्यावे की नाही या चर्चेपेक्षा मला हा मुद्दा अधिक गंभीर वाटतो.

निविदेतील शब्दरचनेकडेही लक्ष हवे. नुसते ‘फोर बाय फोर पिकअप’ लिहिले, तर किमान दराच्या स्पर्धेत लॉक आणि पत्रे गळून पडतात. एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे उतरविले, तर स्पर्धा संकुचित केल्याची तक्रार येते, आणि ती योग्यच असते. मधला मार्ग म्हणजे काम लिहिणे : इतके किलो वजन घेऊन, इतक्या चढाच्या ओल्या मुरमाच्या वाटेवर, थांबलेल्या स्थितीतून गाडी पुढे निघाली पाहिजे, आणि दर उघडण्यापूर्वी त्याच वाटेवर चाचणी. अशाने नियमाचा शब्दही पाळला जातो आणि हेतूही.

आता या पॅकेजने काय होत नाही, ते सांगणे आवश्यक आहे. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी चालू लागणे सोपे होते. थांबणे सोपे होत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. बर्फावर वा ओल्या उतारावर फोर बाय फोर गाडी वेग सहज घेते आणि तेवढ्याच सहजतेने दरीकडे घसरते.

पाण्याची गोष्ट त्याहून कठीण. गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा माहितीपत्रकात असतो. हायलक्ससाठी तो ७०० मिलिमीटर सांगितला जातो. अशा आकड्यात प्रवाहाच्या रेट्याचा हिशेब नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा, की सुमारे ३० सेंटीमीटर वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि सुमारे ६० सेंटीमीटर पाणी एसयूव्ही व ट्रकही. म्हणजे माहितीपत्रक ज्या खोलीपर्यंत धीर देते, त्याआधीच प्रवाह गाडी उचलू शकतो. आपल्या गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी गाडीचे कोणतेही पॅकेज कामाचे नाही. तेथे होडी लागते, आधी साठवलेले धान्य लागते आणि थांबण्याचे शहाणपण लागते.

हे शहाणपण कोणी दाखवायचे? पुलावरून पाणी वाहत आहे, मागे अधिकारी बसले आहेत, बैठकीची वेळ झाली आहे. ‘फोर बाय फोर आहे ना, मग घाल’ असे मागून ऐकू आले, तर चालकाने काय करावे? खासगी मालक स्वतःचा धोका स्वतः पत्करतो. सरकारी चालकाला नाही म्हणण्याचा अधिकार कागदावर दिल्याशिवाय तो नाही म्हणू शकत नाही. म्हणून अशी गाडी देताना सोबत एक लेखी आदेश द्यावा : वाहत्या पाण्यात वा निसरड्या उतारावर गाडी घालायची की नाही, याचा निर्णय चालकाचा राहील आणि त्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस दिली जाणार नाही. याला एक रुपयाही लागत नाही, आणि संपूर्ण पॅकेजहून त्याने जास्त जीव वाचतील.

चालकाचे प्रशिक्षणही त्याच यादीत घालावे. लॉक कधी लावायचे, कधी काढायचे, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर जोडून का चालवू नये, वाळूत टायरची हवा किती कमी करावी, हे शिकविले नाही तर ट्रान्सफर केसचा दांडा वर्षानुवर्षे हलत नाही आणि ज्या दिवशी हलवायचा त्या दिवशी जाम झालेला असतो.

थोडक्यात, माझा क्रम असा : आधी टायर, मग चालक, मग दोर-फावडे-हवेचा पंप, मग लो गिअरसह फोर बाय फोर, त्यानंतर डिफरन्शियल लॉक, आणि तळ आपटत असेल तरच पत्रे. शॉक अॅब्सॉर्बर व अंगावरची अक्षरे सर्वांत शेवटी. खासगी खरेदीदाराने हौसेसाठी हा क्रम उलटा केला तर त्याला कोणी बोल लावू नये. पैसे त्याचे आहेत. लोकांच्या पैशाने गाडी घेणाऱ्याने मात्र मागणीपत्रावर सही करताना त्या वाटेचे, त्या कामाचे आणि त्या चालकाचे नाव स्वतःला विचारावे. तिन्ही नावे सांगता आली, तर पॅकेज अवश्य घ्यावे.