खलाशाचे रक्त आणि आपली भीती

१ जूनला मासेमारीची बंदी लागली की रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राबणारे नेपाळी तरुण आपल्या मुलखाची वाट धरतात. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. या पोरांचे रक्त तपासल्याखेरीज त्यांना बोटीवर घेऊ नये, असा विचार बुरोंडीसारख्या बंदरात कोणाच्या मनात आला, तर आपल्या कार्यकर्त्याने त्याला होकार देता कामा नये. मुंबईच्या गिरणगावात आपल्याच चाकरमान्याकडे अशा संशयाने पाहिले जाई, हे कोकणाने विसरावे, हे नवलच!

मद्रासच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या, माहेरच्या गायतोंडे, डॉ. सुनीती सॉलोमन यांनी १९८६ साली आपल्या विद्यार्थिनी निर्मला यांच्यासह देशातील पहिले एचआयव्हीबाधित शोधून काढले. त्या बाधित होत्या देहविक्रय करणाऱ्या गरीब स्त्रिया. दोष द्यायला समाजाला हे पुरेसे होते. पुढे गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ बाधित म्हणून दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले गेले. विषाणू काही त्या कोठडीत अडकला नाही. सॉलोमनबाईंकडे येणाऱ्या बाधित स्त्रियांत पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या गृहिणी कितीतरी होत्या. तेव्हा पहारा नेमका कोणाच्या दारावर बसवायचा?

तपासणी हवीच, पण ती खलाशाच्या संमतीने, गुप्तता राखून आणि त्याला कळेल अशा भाषेत. बाधित रोजंदारी कामगाराला केवळ त्या कारणाने काम नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले. २०१७च्या कायद्याने तर नोकरीसाठी सक्तीची तपासणीच निषिद्ध ठरवली. शासनाने २००४पासून औषधे मोफत दिली आहेत, आणि ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू नगण्य राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. मात्र खलाशी पावसाळ्यात गावी जातो तेव्हा गोळ्या खंडित होतात. कामावरून काढतील या धास्तीने तो दवाखान्याची पायरीच चढत नाही, ही तर त्याहून मोठी अडचण.

म्हणून मागणी सरकारी दवाखान्याकडे करावी आणि मालकांकडेही: बोट बंदराला लागते त्या वेळी तपासणी व सल्ला मिळावा, निरोध सहज हाती यावेत, गावी जाताना पुरेशा गोळ्या सोबत द्याव्यात, आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची मजुरी कापू नये. यातली शेवटची मागणी मालकांना सर्वाधिक खटकेल. तांडेल व खलाशी यांच्या बैठकीत ती सर्वांत आधी मांडावी, आणि त्या बैठकीला नेपाळी खलाशांना बोलवावे.