धागा तुटला की बातमी

अंतराळ मोहिमेची बातमी मोहीम यशस्वी झाल्यानंतर फार काळ टिकत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर त्या वेळी एकाच क्षणी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. महिना व्हायच्या आत गणेशोत्सव आला आणि महाराष्ट्रात अनेक मंडळांच्या देखाव्यांत चांद्रयान अवतरले. त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, चंद्रावरची रात्र सरल्यावर विक्रम आणि प्रज्ञान रोव्हर यांना जागे करण्याचा प्रयत्न झाला. प्रतिसाद आला नाही. तिथून पुढे चांद्रयान पहिल्या पानावर क्वचितच दिसले.

याचे मुख्य कारण लोकांचा विसरभोळेपणा नव्हे. बातमी धाकधुकीवर जगते. २०१९च्या सप्टेंबरमध्ये आधीचे लँडर चंद्रावर आदळले होते, म्हणून यान उतरेल की आपटेल, या प्रश्नावर देश श्वास रोखून बसला होता. उत्तर मिळाले आणि प्रश्न संपला. भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात असेच घडताना दिसते. सहा-आठ माग सांभाळणारा कामगार खडखडणाऱ्या मागांकडे एकेक करून पाहत बसत नाही. एखाद्याची कांडी संपली किंवा धागा तुटून माग थांबला, की त्याची मान आपोआप तिकडे वळते. कापड मात्र चालू असलेल्या मागांवर विणले जात असते.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला. एप्रिल १९७०मध्ये अपोलो-१३च्या अंतराळवीरांनी यानातून दूरचित्रवाणीसाठी प्रक्षेपण केले, तेव्हा मोठ्या अमेरिकी वाहिन्यांनी ते थेट दाखवलेच नाही. ते संपल्यावर काही मिनिटांतच यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि साऱ्या जगाचे डोळे पुन्हा आकाशाकडे लागले. डिसेंबर १९७२नंतर चंद्रावर कोणी उतरले नाही; पुढच्या नियोजित मोहिमा त्याआधीच रद्द झाल्या होत्या. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचेही तसेच. त्याची यशस्वी उड्डाणे चार ओळींत आटोपतात. १८ मे २०२५ला तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन मोहीम फसली, तेव्हा चर्चा झाली.

खरे नुकसान इथे आहे, कारण विज्ञानाचे पीक उशिरा हाती येते. प्रज्ञानने सुमारे १०० मीटरच्या वाटचालीत २३ ठिकाणी मातीतील मूलद्रव्ये मोजली. एके काळी चंद्राचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला त्या मोजमापांमुळे बळ मिळाले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालील हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. तोवर मंडप उतरून वर्ष होत आले होते. असा निबंध इंग्रजीत आणि आकड्यांच्या भाषेत येतो. तो मराठीत उलगडून सांगायला विज्ञान कळणारा माणूस आणि वेळ लागतो. रोजच्या वर्तमानपत्राला या दोहोंची चणचण असते. डॉ. जयंत नारळीकरांसारख्यांनी हे काम आयुष्यभर केले. तशी माणसे आणखी हवी आहेत.

अपवादही बोलका आहे. चांद्रयान-१शी संपर्क २९ ऑगस्ट २००९ला तुटला, तरी त्यानंतर महिन्याभरात चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याचे जाहीर झाले आणि ती बातमी गाजली. पाणी हा शब्द घरोघरचा आहे. निष्कर्ष अशा शब्दात बसला, की वाचक ती बातमी आपली मानतो. उलट मंगळयान सप्टेंबर २०१४पासून साडेसात वर्षे मंगळाभोवती फिरत काम करत राहिले आणि त्याची आठवण निघते ती बहुधा पहिल्याच प्रयत्नातील यशासाठी.

३० जुलै २०२५ला निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. दर बारा दिवसांत पृथ्वीचा बहुतेक भूभाग दोनदा रडारने टिपायचा, रात्री आणि ढगांआडूनही, अशी त्याची आखणी आहे. जमीन काही सेंटीमीटर खचली तरी त्याला कळते. पुराचे पाणी किती पसरले तेही दिसते. जोराच्या पावसात कामवारी नदी फुगते, भिवंडीतल्या तीनबत्तीच्या बाजारात पाणी साचते आणि दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवतात. स्थानिक पानावर त्याची बातमी येते, पाण्यातल्या रिक्षांच्या छायाचित्रासह. तेच पाणी अवकाशातून मोजता येते, हे वाक्य त्या बातमीत सहज मावेल.